प्रोटिस्ट : सृष्टी एक, वंश अनेक

शाळेच्या विज्ञानात सजीवांच्या पाच सृष्टी शिकवल्या जातात : मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. कवक, वनस्पती किंवा प्राणी म्हटले की डोळ्यांसमोर काहीतरी ठोस उभे राहते. प्रोटिस्टा म्हटले की अमीबाची आकृती आठवते आणि गाडी तिथेच थांबते. खरे तर डबक्यातला पॅरामेशियम, हिवतापाचा प्लास्मोडियम, थंड समुद्रात चाळीस-पन्नास मीटर वाढणारी केल्प आणि नाशिकच्या द्राक्षबागायतदाराची झोप उडवणाऱ्या 'डाऊनी'चा जीव हे सगळे याच सृष्टीत मोडतात. एवढी विजोड मंडळी एका नावाखाली कशी आली, त्यांच्यात सारखे काय आहे आणि आज त्यांची विभागणी कशी करतात, हे क्रमाने पाहू.

प्रोटिस्ट म्हणावे कोणाला?

ज्याच्या पेशीत आवरण असलेले केंद्रक आहे, पण जो प्राणी नाही, वनस्पती नाही आणि कवकही नाही, तो प्रोटिस्ट. व्याख्येचा पहिला भाग महत्त्वाचा आहे. केंद्रक असल्यामुळे प्रोटिस्ट दृश्यकेंद्रकी ठरतात. जीवाणूंना असे केंद्रक नसते, म्हणून ते कितीही सूक्ष्म आणि एकपेशीय असले तरी प्रोटिस्ट नव्हेत. विषाणूंना तर पेशीच नसते.

व्याख्येचा दुसरा भाग मात्र नकारांवर उभा आहे. जमाखर्चाच्या वहीत जो खर्च कुठल्याच खात्यात बसत नाही तो शेवटी 'किरकोळ' खाती पडतो. जीवशास्त्राने प्रोटिस्टांचे तेच केले. त्यामुळे या सृष्टीतल्या दोन जीवांचे एकमेकांशी जवळचे नाते असेलच असे नाही. अमीबा आणि युग्लीना यांच्यातले वंशाचे अंतर माणूस आणि अळिंबी यांच्यातल्या अंतरापेक्षा जास्त आहे. ही एक गोष्ट पक्की धरली की पुढची सगळी गुंतागुंत सोपी होते.

सर्वसाधारण लक्षणे

पेशी : बहुसंख्य प्रोटिस्ट एकपेशीय असतात. काही वसाहत करून राहतात, तर समुद्री शैवालांसारखे काही बहुपेशीय असतात. मात्र बहुपेशीय असले तरी प्राण्यांसारखी अवयवसंस्था किंवा झाडांसारखी मूळ-खोड-पानांची पक्की विभागणी त्यांच्यात आढळत नाही. पेशीत केंद्रकाबरोबर तंतुकणिका, गॉल्जी संकुल, रिक्तिका अशी अंगके असतात. याला अपवादही आहे. चिंचिला या प्राण्याच्या आतड्यातून मिळवलेल्या मोनोसर्कोमोनॉइडिस या जीवात तंतुकणिकेचा मागमूसही नसल्याचे २०१६ मध्ये सिद्ध झाले.

आकारमान : फ्रान्सच्या किनाऱ्यावरील एका खाजणात १९९४ मध्ये सापडलेले ऑस्ट्रिओकॉकस हे हिरवे शैवाल जेमतेम एक मायक्रोमीटरचे, म्हणजे जीवाणूएवढे आहे. अमीबा प्रोटियस अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरतो आणि नजर तयार असेल तर ठिपक्यासारखा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. उथळ समुद्रातल्या खडकांवर वाढणारे कॉलर्पा हे शैवाल हातभर पसरते, त्याला पानांसारखे फाटे फुटतात, पण ती सगळी पसरण एकच अखंड पेशी असते. तिच्यात असंख्य केंद्रके असतात आणि मधल्या भिंती नसतात.

चलन : हालचालीची तीन साधने ठळक आहेत. अमीबा पेशीद्रव्य पुढे ढकलून छद्मपाद काढतो. युग्लीना चाबकासारख्या लांब कशाभिकेने पोहतो. पॅरामेशियमच्या अंगभर आखूड रोमके असतात. प्लास्मोडियमसारख्या परजीवींना प्रौढ अवस्थेत यांपैकी काहीच नसते. ते यजमानाच्या पेशीत शिरताना सरपटल्यासारखे सरकतात.

पोषण : काही प्रोटिस्ट हरितलवकांच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करतात. काही जीवाणू किंवा इतर प्रोटिस्ट गिळतात. काही कुजक्या पदार्थांतून अन्न शोषतात, तर काही परजीवी असतात. मिश्र पोषण ही या मंडळींची खासियत आहे. उजेडात प्रकाशसंश्लेषण आणि अंधारात आयते अन्न, असा दुहेरी व्यवहार युग्लीनाला जमतो.

प्रजनन : साधी द्विभाजनाची पद्धत सर्वत्र आढळते. बहुविभाजन, बीजाणू आणि लैंगिक प्रजननही आहे. परिस्थिती प्रतिकूल झाली की अनेक प्रोटिस्ट स्वतःभोवती कठीण आवरण घेऊन पुटी बनतात. अमीबाजन्य आमांश होतो तो अशाच पुटीमुळे. एंटअमीबा हिस्टोलिटिकाची चार केंद्रकांची पक्व पुटी दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात जाते, जठरातल्या आम्लाला पुरून उरते आणि आतड्यात पोहोचल्यावर उघडते.

पॅरामेशियम : एका पेशीतला संसार

'एकपेशीय' म्हणजे 'साधा' असा समज असेल तर पॅरामेशियम पाहावा. वाळलेले गवत पाण्यात भिजत घालून त्यात तळ्याचे थोडे पाणी टाकले, तर काही दिवसांत वर साय धरते. त्यातला एक थेंब महाविद्यालयातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला की चपलेच्या तळव्याच्या आकाराचे, स्वतःभोवती गिरक्या घेत जाणारे जीव दिसतात. लांबी पाव मिलिमीटर, वेग सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे दर सेकंदाला तो स्वतःच्या लांबीच्या चौपट अंतर कापतो. वाटेत अडथळा आला की रोमकांची दिशा उलटवून मागे येतो, थोडा वळतो आणि पुन्हा पुढे निघतो.

अंगाच्या एका बाजूला खोबण असते. तिथली रोमके पाण्याबरोबर जीवाणू आत लोटतात. खोबणीच्या तळाशी अन्नरिक्तिका तयार होते, पेशीत ठरावीक वाटेने फिरते, फिरता फिरता अन्न पचते आणि उरलेला चोथा एका निश्चित जागेतून बाहेर पडतो.

गोड्या पाण्यात राहणाऱ्या जीवाची आणखी एक अडचण असते. बाहेरच्या पाण्यापेक्षा पेशीत क्षार जास्त, म्हणून पाणी सतत आत झिरपते. ते बाहेर काढले नाही तर पेशी फुटेल. त्यासाठी पॅरामेशियमच्या दोन्ही टोकांना एकेक संकोची रिक्तिका असते. तिच्याभोवती ताऱ्याच्या किरणांसारख्या नलिका असतात. त्या भरतात, मधली रिक्तिका फुगते, आकुंचन पावते आणि पाणी बाहेर टाकते. काही सेकंदांनी पुन्हा तेच. आहे त्या पाण्यात मीठ किंचित वाढवले की हा ठेका मंदावतो. शाळेच्या प्रयोगशाळेतही पाहता येईल असा हा प्रयोग आहे.

केंद्रकेही दोन प्रकारची. मोठे केंद्रक रोजचा कारभार पाहते, लहान केंद्रक आनुवंशिक ठेवा जपते. दोन पॅरामेशियम एकमेकांना चिकटून लहान केंद्रकांचा भाग बदलून घेतात आणि वेगळे होतात. या संयुग्मनात संख्या वाढत नाही, दोनाचे दोनच राहतात. गुणसूत्रांची मांडणी मात्र नवी होते. प्रजनन आणि लैंगिक देवाणघेवाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

शोधापासून पाच सृष्टींपर्यंत

प्रोटिस्ट पहिल्यांदा नीट पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापड व्यापाऱ्याने. आन्तोनी व्हान लेव्हेनहूक स्वतः भिंगे घासून एका भिंगाचे सूक्ष्मदर्शक बनवत असे. १६७४ मध्ये जवळच्या एका तळ्याच्या पाण्यात त्याने हिरवे तंतू आणि इकडून तिकडे फिरणारे सूक्ष्म जीव पाहिले. १६८१ मध्ये पोट बिघडले असताना त्याने स्वतःची विष्ठा तपासली. तेव्हा केलेल्या वर्णनावरून त्याने जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी प्रोटिस्ट पाहिला असावा, असे मानले जाते.

पुढची जवळजवळ दोन शतके सजीवांचे दोनच वर्ग होते, वनस्पती आणि प्राणी. हिरवे ते वनस्पतिशास्त्राकडे, हलते ते प्राणिशास्त्राकडे. हिरवेही आणि हलतेही असणाऱ्या जीवांनी पंचाईत केली. १८६० मध्ये इंग्लंडमधल्या जॉन हॉग यांनी अशा जीवांसाठी तिसरी सृष्टी सुचवली. १८६६ मध्ये जर्मनीतले एर्न्स्ट हेकेल यांनी तिला 'प्रोटिस्टा' हे नाव दिले. त्यांच्या यादीत जीवाणूही होते. १९३८ मध्ये हर्बर्ट कोपलँड यांनी जीवाणूंना वेगळी सृष्टी देण्याची मांडणी केली. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर यांनी पाच सृष्टी मांडल्या आणि त्याच आपल्या पाठ्यपुस्तकांत आल्या.

परीक्षेपुरते तीन गट

पाच सृष्टींच्या चौकटीत प्रोटिस्टांची विभागणी प्रामुख्याने पोषणाच्या पद्धतीवरून होते.

प्राण्यांसारखे प्रोटिस्ट किंवा आदिजीव : अन्न गिळणारे किंवा परजीवी. चलनाच्या साधनांवरून त्यांचे चार पोटगट करत. छद्मपादाचे (अमीबा), कशाभिकेचे (ट्रिपॅनोसोमा), रोमकांचे (पॅरामेशियम) आणि चलनांग नसलेले (प्लास्मोडियम).

वनस्पतींसारखे प्रोटिस्ट किंवा शैवाले : प्रकाशसंश्लेषण करणारे. डायॅटम, डायनोफ्लॅजेलेट, युग्लीना ही ठरलेली उदाहरणे. रंगद्रव्ये आणि साठवलेल्या अन्नाचा प्रकार यांवरून त्यांचे वर्ग पाडत.

कवकांसारखे प्रोटिस्ट : श्लेष्मी बुरशी आणि जलबुरशी. बीजाणू तयार करतात, पण पेशीची घडण खऱ्या कवकांपेक्षा वेगळी.

ही विभागणी लक्षात ठेवायला सोपी आहे आणि जीव कसा जगतो हे ती सांगते. तो कोणाचा कोण, हे मात्र ती सांगत नाही.

जुनी चौकट का मोडली?

पहिला तडा युग्लीनानेच दिला. हरितलवक आहे म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला शैवाल म्हणत, कशाभिका आहे आणि पेशीभित्तिका नाही म्हणून प्राणिशास्त्रज्ञ आदिजीव म्हणत. दोन्ही शास्त्रांचे नामकरणाचे नियम वेगळे, त्यामुळे एकाच जीवाची नोंद दोन्हीकडे होत असे.

दुसरा तडा हरितलवकाच्या उगमाने दिला. पेशीतली तंतुकणिका आणि हरितलवक ही मुळात स्वतंत्र जीवाणू होती, ती मोठ्या पेशीने गिळली पण पचवली नाहीत, असे लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये सविस्तर मांडले. सुरुवातीला फारसे कोणी मनावर घेतले नाही, पण पुढे पुरावे जमत गेले. या सहजीवनाची गंमत अशी की ते एकदाच घडून थांबले नाही. एका वंशाने नील-हरित जीवाणू गिळून हरितलवक कमावले. मग दुसऱ्या वंशातल्या जीवांनी ते शैवालच गिळले आणि त्याचे हरितलवक आपलेसे केले. युग्लीनाचे हरितलवक असेच एका हिरव्या शैवालाकडून आलेले आहे. म्हणून त्याभोवती दोनऐवजी तीन पापुद्रे आढळतात.

थोडक्यात, हिरवेपणा ही वंशाची खूण नव्हे, तो उसना घेता येतो आणि गमावताही येतो. हा प्रकार आजही चालू आहे. ब्राऱ्युडोस्फेरा या समुद्री शैवालात राहणारा नत्र स्थिर करणारा जीवाणू आता पेशीचे अंगकच बनला आहे, असे २०२४ मध्ये जाहीर झाले.

तिसरा आणि निर्णायक तडा डीएनएच्या अभ्यासाने दिला. जनुकांची तुलना करता येऊ लागल्यावर दिसण्यावरून बांधलेले गट एकामागून एक विस्कटले. छद्मपाद अनेक वंशांत स्वतंत्रपणे आले होते आणि कशाभिका जवळजवळ सर्वांकडे होती. २००५ मध्ये सीना ॲडल आणि सहकाऱ्यांनी दृश्यकेंद्रकी जीवांचे सहा महागट मांडले. त्यानंतर त्यांत बरेच फेरबदल झाले, पण दिशा कायम राहिली. पहिला प्रश्न आता 'काय खातो, कसा हलतो' हा नाही, तर 'कोणाच्या वंशातला' हा आहे.

नात्यावर आधारलेले आजचे गट

स्ट्रॅमेनोपाइल : यांच्या एका कशाभिकेवर बारीक पोकळ केस असतात. डायॅटम, केल्प आणि सरगॅसम यांसारखी तपकिरी शैवाले आणि जलबुरश्या यांचा हा वंश. कोकण आणि गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यांवर सरगॅसमचे झुबके ओहोटीच्या वेळी सहज दिसतात. डायॅटमची पेशी सिलिकेच्या नक्षीदार डबीत बंद असते. या डब्यांचे समुद्राच्या आणि तळ्यांच्या तळाशी साठलेले थर खणून काढतात. याच मातीत नायट्रोग्लिसरीन जिरवून आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचे एकस्व घेतले.

अल्व्हिओलेट : पेशीच्या पडद्याखाली चपट्या पिशव्यांचा थर ही यांची खूण. पॅरामेशियम, समुद्रात चमकणारे डायनोफ्लॅजेलेट आणि हिवतापाचा प्लास्मोडियम हे तिघे याच वंशाचे. जुन्या चौकटीत ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी होते.

ऱ्हायझेरिया : बारीक, दोऱ्यासारखे छद्मपाद असलेले जीव. फोरॅमिनिफेरांचे चुनखडीचे कवच आणि रेडिओलॅरियांचे काचेसारखे सांगाडे प्रसिद्ध आहेत. गिझाच्या पिरॅमिडचे दगड फोरॅमिनिफेरांच्या नाण्याएवढ्या कवचांनी भरलेले आहेत. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ समुद्रतळाच्या गाळातली अशीच कवचे तपासून हजारो वर्षांपूर्वीच्या मोसमी पावसाचे चढउतार काढतात.

वरचे तिन्ही वंश एकमेकांच्या जवळचे आहेत, त्यामुळे त्यांचा मिळून एक मोठा गट धरतात.

आर्किप्लास्टिडा : पहिले हरितलवक कमावणाऱ्या वंशाचे वारसदार. तांबडी शैवाले, हिरवी शैवाले आणि त्यांच्यातूनच पुढे आलेल्या सगळ्या जमिनीवरच्या वनस्पती यात येतात. म्हणजे स्पायरोगायरा हा डायॅटमपेक्षा वडाच्या झाडाला जवळचा.

अमीबोझोआ : बोथट छद्मपादांचे अमीबा आणि श्लेष्मी बुरश्या. पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर पिवळाधमक फेस दिसतो, तो पुष्कळदा श्लेष्मी बुरशीचा असतो. यांपैकी फायसारम या जातीसमोर जपानी संशोधकांनी टोकियोभोवतीच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे मांडले. तिने दाण्यांना जोडणारे जे जाळे विणले ते रेल्वेच्या जाळ्याशी कार्यक्षमतेत तुलना होईल असे निघाले. हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदू सोडा, या जीवाला चेतापेशीही नसते.

ओपिस्थोकोन्टा : पेशीच्या मागच्या बाजूला एकच कशाभिका असलेल्या पूर्वजाचा वंश. प्राणी आणि कवके दोन्ही यात मोडतात. गळपट्टीसारखी रचना असलेले कोआनोफ्लॅजेलेट हे प्रोटिस्ट प्राण्यांचे सर्वांत जवळचे नातलग आहेत. स्पंजाच्या आतल्या पेशी हुबेहूब त्यांच्यासारख्या दिसतात.

डिस्कोबा आणि मेटामोनाडा : हे दोन्ही गट पूर्वी 'एक्सकॅव्हेटा' या नावाखाली एकत्र धरत. डिस्कोबात हिरवा युग्लीना आहे आणि त्याचे भाऊबंद म्हणून काळा आजाराचा लेशमानिया व ट्रिपॅनोसोमाही आहेत. गुराढोरांना आणि घोड्यांना होणारा 'सर्रा' हा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीमुळे होतो. माणसाच्या रक्तातले एक प्रथिन हा जंतू मारून टाकते, म्हणून तो आपल्याला बाधत नाही असे मानत. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला त्याची बाधा झाल्याचे आढळले. पुढे तपासणीत त्याच्या रक्तात ते संरक्षक प्रथिनच नसल्याचे कळले. मेटामोनाडा प्राणवायूविना जगतात. जिआर्डिया त्यांतलाच. वाळवीच्या आतड्यात राहून लाकूड पचवणारा ट्रायकोनिम्फाही त्यांतलाच.

याशिवाय हॅप्टोफाइटसारखे काही गट आहेत. त्यांच्या सूक्ष्म चुनखडी चकत्यांचे थर साठून इंग्लंडच्या डोव्हरचे पांढरे कडे बनले.

डाऊनी आणि भुरी

हे सगळे नातेगोते कळून कोणाचे काय भले होते, याचे उत्तर निफाड, दिंडोरी किंवा तासगावच्या द्राक्षबागेत मिळते. बागायतदाराच्या तोंडी दोन रोग कायम असतात, डाऊनी आणि भुरी. डाऊनीला केवडाही म्हणतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर नवी फूट कोवळी असताना पाऊस लागला की डाऊनी हमखास येते. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट, पिवळसर डाग पडतात आणि पान उलटे करून पाहिले तर त्याच जागी पांढरी लव दिसते. घडावर गेली तर मणी गळतात. भुरी पानांवर आणि मण्यांवर राखेसारखी पसरते आणि तिला पान ओले असण्याची गरज नसते.

सर्वसाधारण बोलण्यात दोन्ही बुरशीच. प्रत्यक्षात भुरी हे खरे कवक आहे, तर डाऊनीचा प्लाझ्मोपारा हा जलबुरशी गटातला प्रोटिस्ट, म्हणजे केल्प आणि डायॅटम यांच्या कुळातला. त्याचे बीजाणू कशाभिकेच्या जोरावर पोहतात. म्हणूनच त्याला पानावर दवाचा किंवा पावसाचा ओलावा लागतो.

औषधांचा फरकही इथूनच येतो. खऱ्या कवकांच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असते. हेक्झाकोनॅझोलसारखी भुरीवरची औषधे त्याची निर्मिती रोखतात. जलबुरशी अर्गोस्टेरॉल तयारच करत नाही, त्यामुळे या औषधाला डाऊनीत मारा करायला जागाच नाही. उलट मेटॅलॅक्झिल जलबुरशीवर चालते आणि भुरीवर निष्प्रभ ठरते. डायमेथोमॉर्फ जलबुरशीच्या सेल्युलोजयुक्त पेशीभित्तिकेवर घाला घालते. कवकांची भित्तिका प्रामुख्याने कायटिनची असते. दुकानात दोन्ही औषधांच्या डब्यांवर 'बुरशीनाशक' असेच लिहिलेले असले तरी ती दोन वेगळ्या वंशांवरची अस्त्रे आहेत.

विदर्भात संत्र्याच्या बुंध्यातून डिंक पाझरतो तो 'डिंक्या' आणि कोकण-गोव्यातल्या सुपारीवरचा 'कोळेरोग' हे दोन्ही फायटोफ्थोरा या जलबुरशीचेच प्रताप. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक नासवून सुमारे दहा लाख माणसांचा बळी घेणारा जीवही फायटोफ्थोराच. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण आजही या सर्वांवर वापरतात. त्याचा जन्म डाऊनीमुळेच झाला. अमेरिकेतून आलेल्या या रोगाने फ्रान्सच्या द्राक्षबागा ग्रासल्या असताना रस्त्याकडेचे द्राक्षचोर दूर राहावेत म्हणून काही बागांत वेलींवर निळसर लेप मारलेला होता. त्या वेली निरोगी राहिल्याचे पिएर मियार्दे यांच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण प्रसिद्ध केले.

हिवतापाच्या जंतूतले हरितलवक

शार्ल लाव्हराँ यांनी १८८० मध्ये अल्जीरियात एका सैनिकाच्या रक्तात हिवतापाचा जंतू पाहिला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना तो डासाच्या जठरात सापडला. पुढची शंभर वर्षे त्याला निव्वळ प्राण्यासारखा आदिजीव समजत. १९९०च्या दशकात कळले की प्लास्मोडियमच्या पेशीत चार पापुद्र्यांचे, रंगहीन झालेले हरितलवक आहे. त्याच्या पूर्वजाने कधीकाळी तांबडे शैवाल गिळले होते. प्रकाशसंश्लेषण सुटले, पण काही आवश्यक रसायने जंतू अजून तिथेच तयार करतो.

हे अंगक मुळात जीवाणूचे, म्हणून जीवाणूंवरची काही प्रतिजैविके त्यावर चालतात. डॉक्सिसायक्लिन हिवतापावर आणि प्रतिबंधासाठी देतात त्यामागे हे कारण आहे. २००८ मध्ये सिडनीच्या बंदरातल्या प्रवाळातून मिळालेल्या क्रोमेरा या जीवाचे वर्णन झाले. तो प्लास्मोडियमचा नातलग असूनही प्रकाशावर जगतो, त्यामुळे या वंशाचा हिरवा भूतकाळ आणखी पक्का झाला.

नात्यावरून प्रत्येक औषध ठरते असे मात्र नाही. जिआर्डिया आणि एंटअमीबा यांचे वंश फार लांबचे, तरी दोघांवर मेट्रोनिडॅझोल चालते. दोघेही प्राणवायूविना जगतात आणि तशा पेशीतच हे औषध जहाल रूप घेते. इथे वंशापेक्षा राहणीमान महत्त्वाचे ठरते. म्हणून जुने, पोषण आणि जीवनपद्धतीवरचे गट अगदीच टाकाऊ झालेले नाहीत.

पृथ्वीच्या कारभारातला वाटा

पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे एक-पंचमांश एकटे डायॅटम करतात. समुद्रातल्या अन्नसाखळीची सुरुवात अशा तरंगत्या प्रोटिस्टांपासून होते आणि मासळीबाजारातली बांगडा-तारली शेवटी त्यांच्याच जिवावर पोसलेली असते.

ही साखळी बदलली की काय होते याचा नमुना अरबी समुद्रातच दिसतो. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा फुटताना निळी चमक दिसते, ती नॉक्टिल्युका या डायनोफ्लॅजेलेटची. लाटेचा धक्का बसला की त्याच्या पेशीतली रासायनिक क्रिया क्षणभर प्रकाश देते. अरबी समुद्रातल्या नॉक्टिल्युकाच्या पोटात हिरवी शैवाले राहतात, त्यामुळे तो शिकारही करतो आणि उजेडावरही जगतो. या शतकाच्या सुरुवातीपासून उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात डायॅटमची जागा नॉक्टिल्युका घेत असल्याचे संशोधकांना आढळले आहे. पाण्यातला प्राणवायू घटला तरी तो तग धरतो. मासळीच्या पिल्लांना मात्र तो डायॅटमसारखे पोसत नाही, त्याच्यावर ताव मारतात ते मुख्यतः साल्प आणि जेलीफिशसारखे जीव. पर्यटकांना सुंदर दिसणारी चमक मच्छीमारांना चांगली बातमी असेलच असे नाही.

मग पाच सृष्टींचे काय करायचे?

व्हिटेकर यांची चौकट शाळेत शिकवायला हरकत नाही. केंद्रक आहे की नाही, पेशी एक की अनेक, अन्न कसे मिळवतात, हे प्रश्न ती मुलांना विचारायला शिकवते आणि जीवशास्त्राची सुरुवात तिथूनच होते. मात्र प्रोटिस्टा ही वनस्पती किंवा प्राणी यांच्या तोडीची, एका पूर्वजाची सृष्टी आहे असा ग्रह तिथे रुजू नये. वंशवृक्ष काढला तर प्रोटिस्ट ही त्याची एक फांदी नसून जवळजवळ सगळा वृक्षच आहे. प्राणी, वनस्पती आणि कवके या त्यावरच्या तीन डहाळ्या आहेत. म्हणून आज शास्त्रज्ञ 'प्रोटिस्ट' हा शब्द सोयीसाठी वापरतात, वर्गीकरणातला अधिकृत गट म्हणून नाही.

विद्यार्थ्याने सोपी सवय लावून घ्यावी. नवा प्रोटिस्ट समोर आला की दोन नोंदी करायच्या, तो कसा जगतो आणि कोणत्या वंशातला आहे. पहिली नोंद जुनी चौकट देईल, दुसरी नवी. दोन्ही मिळून जीव पुरता कळतो.

वंशांची यादी अजून पूर्ण झालेली नाही. २०१८ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातल्या मातीच्या नमुन्यातून मिळालेल्या हेमिमॅस्टिगोफोरा गटाची जनुके तपासली, तेव्हा तो कुठल्याच ज्ञात महागटात बसेना. २०२२ मध्ये प्रोव्होरा नावाच्या शिकारी प्रोटिस्टांचा आणखी एक नवा गट जाहीर झाला. असे शोध लावायला दूरच्या मोहिमाच लागतात असे नाही. साधी माती, एक सूक्ष्मदर्शक आणि जनुके वाचण्याची सोय एवढे जिथे एकत्र येईल, अशा आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठातही पुढचा गट सापडू शकतो.